सपाट की गोल? भूमितीतलं गृहीतक निवडताना

नागपुरात बेसा-मनीषनगरकडे 30 बाय 50 फुटांच्या प्लॉटची आखणी करताना गवंडी जमीन सपाट धरतो. कोणी विचारलं नाही तरी हे गृहीतकच. त्यावरून काटकोन 3-4-5 च्या मापाने (या बाजूंचा त्रिकोण काटकोनीच असतो) लागतो आणि कर्ण 58.3 फूट यायला हवा. दोन्ही कर्णांत फरक पडला तर दोष भूमितीचा नसतो. दोरी सैल असते किंवा खुंटी हललेली.

गृहीतक सिद्ध करायचं नसतं, त्यावरून पुढचं सिद्ध करायचं असतं. रेषेबाहेरच्या बिंदूतून तिला एकच समांतर रेषा जाते, हे मान्य केलं की त्रिकोणाच्या कोनांची बेरीज 180 अंश मिळते. गोलावर 'सरळ रेषा' म्हणजे बृहद्वृत्तं, गोलाच्या केंद्राभोवतीची सर्वांत मोठी वर्तुळं. ती एकमेकांना छेदतातच, म्हणून समांतर रेषा नाहीच आणि बेरीज 180 पेक्षा जास्त. किती जास्त? पृथ्वीवर सुमारे 200 चौरस किलोमीटरच्या त्रिकोणात जेमतेम 1 विकला, म्हणजे अंशाचा 3600 वा भाग. प्लॉटसाठी गोल धरणं म्हणजे निव्वळ हौस!

गडबड होते ती सरमिसळीत. नागपूर-मुंबई हवाई अंतर काढताना अक्षांश-रेखांशांतले फरक थेट 111 ने (अक्षांशाच्या 1 अंशाचे साधारण किलोमीटर) गुणून पायथागोरस लावला, तर उत्तर सुमारे 40 किलोमीटरने फुगतं. कारण या अक्षांशांवर रेखांशाचा 1 अंश साधारण 104 किलोमीटरच भरतो. इथे गोल धरूनच गणित करा.