वानखेडेवर मुंबईचा सामना: जागा, आवाज आणि आपल्याच माणसाची हुर्यो

मुंबई इंडियन्सच्या घरच्या सामन्याचं तिकीट काढणारे पूर्वी दोन गोष्टी विचारायचे: स्टँड कुठला घ्यायचा आणि घरून किती वाजता निघायचं. २०२४ च्या आयपीएलपासून तिसरी चौकशी सुरू झाली: पोरांना घेऊन जातोय, आजूबाजूचे लोक आपल्याच कॅप्टनच्या नावाने ओरडत बसणार नाहीत ना? पहिल्या दोन बाबतींत वानखेडेला नावं ठेवायला फारशी जागा नाही, त्या पटकन उरकू. तिसरीवर मात्र नीट बोलायला हवं.

संध्याकाळचा सामना साडेसातला, नाणेफेक सातला. चर्चगेटहून मैदान चालत पाच-सात मिनिटांवर आहे, पण गेटवरच्या रांगेला त्याहून कितीतरी जास्त वेळ लागतो. साडेपाचला गेटवर असाल तर निवांत आत जाल. साडेसहानंतर पोचलात तर नाणेफेक बहुधा रांगेतच ऐकाल. तिकिटावरचा गेट क्रमांक स्टेशनवरच बघून घ्या. चुकीच्या बाजूने गेलात तर अख्खा वळसा पडतो, आणि सामन्याच्या दिवशी मधल्या गल्ल्या पोलिसांनी अडवलेल्या असतात. बॅग, पाण्याची बाटली, नाणी, पॉवर बँक, लायटर यांतलं काहीही आत जात नाही. बॅग घरीच ठेवा, गाडी तर आणूच नका.

दुपारी साडेतीनचा सामना असेल तर रेल्वे रुळांच्या बाजूचा स्टँड टाळा. समुद्राकडे कललेलं ऊन थेट डोळ्यांत येतं. खालच्या ओळींतून सीमेवरचा खेळाडू अगदी जवळ दिसतो, पण चेंडूची उंची कळत नाही आणि उडालेला झेल कुठे उतरणार याचा अंदाज चुकतो. फील्ड कशी लावली आहे, बॉलर बदलल्यावर कोण कुठे सरकलं, हे बघायचं असेल तर वरचा मजला घ्या. उदाहरणार्थ, मे २०२५ मध्ये रोहित शर्माचं नाव दिलं तो दिवेचा पॅव्हेलियनचा तिसरा मजला. नॉर्थ स्टँडला जायचं तर उभं राहायची तयारी ठेवा. तिथे पुढचा उठला की मागच्या सगळ्यांना उठावंच लागतं, लहान मुलाला काही दिसत नाही. खाणं ठीकठाक आणि महाग. घरून पोटभर खाऊन निघालेलं बरं.

आता आवाजाकडे येऊ, कारण वानखेडेवर माणूस जातो तो आवाजासाठी. २०११ च्या विश्वचषकाआधी मैदान नव्याने बांधलं तेव्हा जागा कमी झाल्या. आज इथे ३३ हजारांच्या आसपास लोक बसतात. अहमदाबादला १ लाख ३२ हजार. पण वानखेडेचे स्टँड उभट आहेत, मैदानाला चिकटून आहेत आणि वरून छत पुढे आलेलं आहे. आवाज वर विरून जात नाही, आदळून परत खाली येतो. 'सचिऽन, सचिन'ची लाट इथे अशी का चढायची, याचं अर्धं उत्तर या बांधणीत आहे. तीच बांधणी हुर्योलाही तितकीच साथ देते.

डिसेंबर २०२३ मध्ये मुंबईने पाच विजेतेपदं मिळवून देणाऱ्या रोहितच्या जागी, गुजरातहून नुकत्याच परत आणलेल्या हार्दिक पंड्याला कॅप्टन केलं. मोसमातला वानखेडेवरचा पहिला सामना १ एप्रिल २०२४ ला राजस्थानशी होता. नाणेफेकीची वेळ ही अख्ख्या संध्याकाळमधली सगळ्यांत उघडी वेळ. डीजे बंद होतो, खेळ सुरू नसतो, लाउडस्पीकरवर एकाच माणसाचा आवाज असतो. दोन कॅप्टन पांढऱ्या पट्टीपाशी उभे, मध्ये निवेदक, समोर कॅमेरा. 'हार्दिक पंड्या' हे शब्द स्पीकरमधून निघाले आणि हुर्यो उठली. झाकायला संगीत नाही, चौकार नाही, काहीच नाही. निवेदक संजय मांजरेकरांना माइकवरूनच प्रेक्षकांना नीट वागायला सांगावं लागलं. नंतर क्षेत्ररक्षण करताना खुद्द रोहितने हाताने खूण करून लोकांना आवरा म्हटलं. ज्याच्यासाठी हा राग म्हणे, तोच नको म्हणत होता. त्या दिवशी राजस्थानचा फास्ट बॉलर ट्रेंट बोल्टने रोहितसह तिघांना शून्यावर उडवलं, मुंबई ४ बाद २०, शेवटी ९ बाद १२५, आणि सामना सहा गड्यांनी गेला. दहा दिवसांनी इथेच बंगळुरूविरुद्धच्या सामन्यात हेच आवरा सांगायची वेळ विराट कोहलीवर आली. पाहुण्या संघाच्या खेळाडूने यजमान प्रेक्षकांना हे सांगावं, यासारखी लाज वानखेडेला दुसरी नाही.

राग चुकीचा होता असं कोणी म्हणणार नाही. रोहितला ज्या पद्धतीने बाजूला केलं त्याचं दुःख खरं होतं. पण पत्ता चुकला. कॅप्टन कोण हे मालक आणि व्यवस्थापन ठरवतं. खेळाडूने दिलेली जबाबदारी घेतली. ज्यांनी निर्णय घेतला त्यांना नाणेफेकीला मैदानात यावं लागत नाही, म्हणून जो समोर सापडला त्याच्यावर सगळं निघालं. शिवाय तिकिटाचे पैसे त्याच व्यवस्थापनाला देऊन झालेले. निषेधच करायचा होता तर तिकीट न काढणं किंवा जर्सी न घेणं त्यांच्यापर्यंत पोचलं असतं.

तिकीट काढलंय, आम्ही काहीही ओरडू, हा युक्तिवाद नेहमी ऐकू येतो. तो करणाऱ्यांनी एकदा नीट बघावं की आवाज मैदानात कोणापर्यंत पोचतो. खेळपट्टीवरच्या बॅट्समनला शब्द कळत नाहीत, त्याला नुसता गजर ऐकू येतो. कॅप्टन बहुतेक वेळ मिडऑफला, कव्हरला, म्हणजे आतल्या वर्तुळात असतो. त्यालाही वाक्य ऐकू जात नाही. शब्द न् शब्द ऐकू येतो तो सीमेच्या दोरीपाशी उभ्या असलेल्याला, फाइन लेगला किंवा थर्ड मॅनला. तिथे कोण असतं? बहुतेक वेळा आत्ताच ओव्हर टाकून आलेला फास्ट बॉलर. वीस धावा खाल्ल्या आहेत, श्वास लागलाय, कमरेवर हात ठेवून तो स्टँडकडे पाठ करून उभा राहतो. पुढची ओव्हर त्याला चार-पाच मिनिटांत टाकायची असते आणि तेवढ्यात यॉर्कर का चुकला, पाय कुठे पडला याचा हिशेब डोक्यात लावायचा असतो. नेमक्या त्या चार मिनिटांत मागून त्याच्या आईबहिणीचा उद्धार चालू असतो. शिवी कॅप्टनला म्हणून दिलेली असली तरी कानात जाते त्या बावीस वर्षांच्या पोराच्या. पुढच्या ओव्हरला त्याचा हात आखडला तर त्याची किंमत स्कोअरबोर्डवर दिसते, आणि तो स्कोअरबोर्ड आपलाच असतो.

घरच्या मैदानाचा फायदा म्हणजे तरी काय? खेळपट्टी ओळखीची, संध्याकाळी समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्यात चेंडू कसा हलतो ते माहीत, आणि समोरच्या संघाला एकमेकांची हाक ऐकू येऊ न देणारा प्रेक्षक. धाव घ्यायची की नाही ही हाक, झेलाखाली दोघे आले तर 'माझा' म्हणण्याची हाक, डीआरएससाठी, म्हणजे पंचांच्या निर्णयाविरुद्ध दाद मागायला, मिळणारे पंधरा सेकंद, हे सगळं ऐकू येण्यावर चालतं. तो गोंगाट पाहुण्यांच्या वाट्याला यायला हवा. आपलाच संघ बॉलिंग करत असताना आपल्याच कॅप्टनविरुद्ध गलका केला तर मैदान पाहुण्यांचं होतं. बोल्टने उडवलेले गडी हुर्योमुळे गेले असं म्हणणं खोटेपणा होईल. तो नव्या चेंडूवर कोणालाही उडवतो. पण त्या मोसमात मुंबईला घरच्या मैदानाचा पूर्ण आधार मिळाला, असंही कोणी म्हणू शकत नाही. चौदांपैकी चार विजय, दहाव्या क्रमांकावर शेवट.

हे काही वानखेडेला नवं नाही. मार्च २००६ मध्ये इंग्लंडविरुद्धच्या कसोटीत सचिन तेंडुलकर एका धावेवर बाद होऊन परतत असताना इथल्याच काही लोकांनी त्याची हुर्यो उडवली होती. त्याच मैदानात आज त्याच्या नावाचा स्टँड आहे आणि नोव्हेंबर २०२३ पासून पुतळाही. कोलकात्याला १९८४-८५ मध्ये कपिल देवला संघातून वगळलं तेव्हा ईडन गार्डन्सने सगळा राग कॅप्टन सुनील गावसकरांवर काढला. पुढे १९८७ मध्ये पाकिस्तानविरुद्धची तिथली कसोटी ते खेळलेच नाहीत. प्रेक्षकांनी एका दुपारी मोकळं केलेलं मन खेळाडू असा वर्षानुवर्षं लक्षात ठेवतो.

२०२४ च्या त्या मोसमातलाच एक दुपारचा सामना मात्र आवर्जून आठवावा असा आहे: ७ एप्रिल, दिल्लीविरुद्ध. मुंबई इंडियन्स दर मोसमात एक सामना स्वयंसेवी संस्थांच्या मुलांसाठी राखते. त्या दिवशी सुमारे १८ हजार मुलं निळे टी-शर्ट घालून स्टँडमध्ये होती. मुलांनी सगळ्यांसाठी आरडाओरडा केला, हार्दिकसाठीसुद्धा. रोमारिओ शेफर्डने शेवटच्या ओव्हरला ३२ धावा कुटल्या, मुंबई २३४, मोसमातला पहिला विजय. विजय शेफर्डच्या मनगटांचा होता, मुलांच्या आवाजाचा नव्हे. पण हे मैदान किती सुंदर वाजू शकतं ते त्या दिवशी ऐकू आलं. मुलांना पहिल्यांदा वानखेडे दाखवायचं असेल तर दुपारचा सामना आणि वरचा मजला, हीच जोडी निवडा. संध्याकाळचा मोठा सामना पोरं जरा मोठी झाल्यावर.

मग नाराजी दाखवायचीच नाही का? दाखवा की. मुंबईच्या खडूस क्रिकेटमध्ये नाराजीची रीत जुनी आहे: गप्प बसायचं. ३१ मार्च २०१६ ला टी-२० विश्वचषकाच्या उपांत्य फेरीत वेस्ट इंडिजच्या सिमन्सने भारताला इथेच हरवलं. त्या शेवटच्या षटकांतली शांतता ज्याने ऐकली तो विसरणार नाही. कॅप्टनचं नाव पुकारलं आणि ३३ हजार लोकांनी टाळी वाजवली नाही, तर निरोप पोचतो आणि दोरीपाशी उभ्या पोराला शिवीही ऐकावी लागत नाही. ओरडायचंच असेल तर खेळाबद्दल ओरडा. 'अरे, वर टाक', 'स्लिप लाव', 'पळ, दुसरी आहे' हे वानखेडेवर पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय आणि त्यात काही वावगं नाही. घर, बायको, जात, रंग यांवर बोलणं म्हणजे नाराजी नव्हे. ऑक्टोबर २००७ मध्ये याच मैदानात अँड्र्यू सायमंड्सला माकडाचे हावभाव करून दाखवणाऱ्यांना पोलिसांनी बाहेर काढलं होतं. पाहुण्याला जे चालत नाही ते आपल्या माणसाला कसं चालेल?

शेजारी असं कोणी बसलं तर वाद घालू नका; दोन बाटल्या पोटात गेलेल्या माणसाशी वाद म्हणजे मारामारी. आपल्या तिकिटावर ब्लॉक, ओळ आणि आसन छापलेलं असतं. त्यावरून त्या माणसाची ओळ आणि आसन मोजून घ्या. ओव्हर संपताना उठा, जिन्याच्या तोंडाशी जाकीट घातलेला स्टुअर्ड असतो, त्याला आकडे सांगा. नुसतं 'तिकडे एकजण ओरडतोय' म्हटलं की तो मान डोलवतो आणि विसरतो. आसन क्रमांक सांगितला की त्याला काहीतरी करावं लागतं. तो टाळायला लागला तर त्याच मजल्याच्या गेटवरचा पोलीस गाठा. गर्दीत नुसत्या हुर्योवर कोणी काही करणार नाही, ते खरं. शिवी, जात किंवा रंगावरचं बोलणं, वस्तू फेकणं, यावर मात्र करतात, आणि करायलाच हवं. यजमानांबद्दल एक तक्रार नक्की आहे: नाणेफेकीआधी मोठ्या पडद्यावर 'शिवीगाळ नको' अशा मराठीत दोन ओळी दाखवायला काहीच खर्च नाही. 'गणपती बाप्पा मोरया' म्हणायला लावणाऱ्या डीजेलाही ते सहज जमेल.

२९ जून २०२४ ला बार्बाडोसला टी-२० विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात भारताला शेवटच्या ओव्हरला १६ धावा वाचवायच्या होत्या आणि चेंडू हार्दिकच्या हातात होता. ४ जुलैला विश्वविजेता भारतीय संघ मरीन ड्राइव्हवरून वानखेडेत आला तेव्हा हेच स्टँड त्याच्या नावाचा जयघोष करत होते. तो ऐकताना एप्रिलमधले कितीजण मान खाली घालून उभे होते, कोण जाणे. माणूस तोच, मैदान तेच. एप्रिलमध्येही तो आपलाच होता.

परतीचं बघू. सामना संपला की पंधरा-वीस मिनिटं जागेवरच बसून राहा, पहिला लोंढा जाऊ द्या. मुलांचा हात सोडू नका, जिन्यावर रेटारेटी होते. मेट्रो येताना सोयीची, पण सामना लांबला तर परतीला तिचा भरवसा धरू नका. मध्य रेल्वेवाल्यांनी सीएसएमटीपर्यंतच्या चालण्याचा वेळ आधीच धरावा. पश्चिमवाल्यांनी परतीचं तिकीट येतानाच काढावं, कारण रात्री साडेअकराला चर्चगेटच्या खिडकीवरची रांग गेटवरच्या रांगेपेक्षा लांब असते. शेवटची बोरिवली एकच्या सुमारास सुटते, पण तिच्या भरवशावर राहू नका. तिच्या आधीची पकडा.