एक पावसाळा काढलेलं केबल लॉक: वापरापासून कापण्यापर्यंत

सायकलचं लॉक घेताना आपण बघतो ती केबलची जाडी. दुकानदारही तेच दाखवतो. हातात देतो, वाकवून बघायला सांगतो, ‘बारा एमएम आहे, कुणाच्या बापाला तुटणार नाही’ म्हणतो. असलं एक लॉक जवळपास वर्षभर वापरून, त्यात पुण्याचा एक अख्खा पावसाळा काढून आणि शेवटी ग्राइंडरखाली घालून झाल्यावर माझं मत असं झालंय, की केबल नंतर बघा, आधी चावीचं भोक बघा.

वापर कसा होता ते आधी सांगतो, म्हणजे तुमच्या वापराशी ताडून बघता येईल. वारज्याहून शिवाजीनगरला रोजचं ऑफिस. सायकल ऑफिसच्या मागे, दुचाकींच्या रांगेच्या शेवटी, उघड्यावर, कंपाउंडच्या रेलिंगला बांधलेली. वर पत्रा नाही. शेजारच्या गाड्यांच्या चाकांचा चिखल उडतो तो थेट लॉकवर. लॉक म्हणजे नेहमीचं चावीचं केबल लॉक: सव्वा मीटर लांब, आपोआप गुंडाळी होणारं, सोबत सीटखालच्या पाइपाला लावायचा ब्रॅकेट आणि दोन चाव्या. किंमत चारशेच्या आतबाहेर. कंपनीचं नाव लिहीत नाही. हुबेहूब हेच लॉक ऑनलाइन वेगवेगळ्या नावांनी दिसतं, त्यामुळे नाव टाळूनही तुम्ही सुटाल असं नाही.

कोरड्या महिन्यांत तक्रारीला जागा नव्हती. लांबी भरपूर, पुढचं चाक, फ्रेम आणि रेलिंग तिन्ही एका फेऱ्यात येतात. वरच्या प्लास्टिकमुळे रंगाला ओरखडा जात नाही. वजन जाणवत नाही. तेव्हा लिहिलं असतं तर डोळे झाकून चार तारे दिले असते.

जुलैत चावी अडायला लागली. आत जायची, पण फिरवताना आधी थोडी मागेपुढे करावी लागायची. मग रोजचंच झालं. घाटावरच्या पावसाचं एक बरं, तो अधूनमधून उघडीप देतो. पण लॉकच्या दृष्टीने तेच वाईट. भोकात पाणी आणि मातीची बारीक पूड जाते, दोन दिवस ऊन पडलं की ती आत वाळून बसते, पुन्हा पाऊस, पुन्हा थर. कोकणात खारा वारा त्यात आणखी भर घालतो. रत्नागिरीचा मावसभाऊ दरवर्षी नवीन लॉक घेतो आणि त्याला त्यात काही विशेषही वाटत नाही.

चौकातल्या सायकलवाल्या काकांनी सवयीने शिलाई मशीनचं तेल सोडलं. दोन दिवस लॉक लोण्यासारखं फिरलं आणि नंतर पहिल्यापेक्षा जड झालं. याचं कारण साधं आहे. ओलं तेल भोकात राहतं आणि येणारी धूळ धरून ठेवतं. चेनला तेल चालतं कारण चेन आपण पुसतो, कुलपाच्या आत फडकं घालता येत नाही. लोक डब्ल्यूडी-४० मारायला सांगतात, तेही अर्धंच खरं. ते मुळात १९५३ मध्ये पाणी हटवण्यासाठी बनवलेलं द्रावण, चाळिसाव्या प्रयत्नाला जमलं म्हणून नावात ४०. आतला कचरा धुऊन काढायला आणि पाणी घालवायला ते उत्तम, पण कुलपाचं कायमचं वंगण म्हणून त्यावर विसंबता येत नाही. धुऊन, सुकवून, मग कोरडं वंगण घालायचं: ग्रॅफाइटची पूड किंवा पीटीएफईचा (म्हणजे टेफ्लॉनचा) कोरडा स्प्रे. ग्रॅफाइट मिळालं नाही तर चावीच्या दातांवर ६बी किंवा ८बी पेन्सिल चांगली घासायची आणि चावी दहाबारा वेळा आतबाहेर करायची. एचबी नको, तिच्या शिशात मातीचं प्रमाण जास्त असतं. आणि ओल्या तेलावर ग्रॅफाइट कधीच टाकू नका, दोन्ही मिळून काळा चिकटा तयार होतो.

सप्टेंबरच्या शेवटी एका संध्याकाळी चावी फिरेचना. बाहेर रिपरिप चालू, ऑफिस रिकामं झालेलं. अशा वेळी काय काय करून बघता येतं ते क्रमाने सांगतो, कारण यातल्या एखाद्या गोष्टीने तुमचं लॉक उघडेलही.

आधी केबलचा ताण काढायचा. रेलिंगला ओढून बांधलेली केबल आतल्या कडीवर जोर देत असते आणि कडी दाबलेली असेल तर बरोबर चावीलाही ती सरकत नाही. केबलचं टोक लॉकमध्ये आत ढकलून धरायचं आणि तसंच धरून चावी फिरवायची. बऱ्याच अडलेल्या लॉकांचं काम इथेच होतं. मग चावी पूर्ण आत घालून अर्धा मिलिमीटर मागे घ्यायची आणि हलक्या हाताने फिरवून बघायची, कारण झिजलेल्या चावीचे दात जागेवर येत नाहीत. दुसरी, न वापरलेली चावी असेल तर ती आणायची. तिचे दात अजून धारेवर असतात. त्यानंतर स्प्रेची लाल नळी भोकात घालून काळं पाणी थांबेपर्यंत धुवायचं आणि फिरवताफिरवता स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने लॉकच्या अंगावर हलके ठोके द्यायचे. लायटरने गरम करायचा सल्ला एका सहकाऱ्याने दिला. प्लास्टिक वितळून भोकात जातं, त्यामुळे तो विषय तिथेच संपला.

माझ्या लॉकला यातलं काही लागू पडलं नाही आणि ठोके देताना चावीच पिळली जाऊन मानेपाशी तुटली. चावी कसली, पत्राच तो. तुटकं टोक भोकाच्या किंचित आत राहिलं. ते काढता येतं. फ्रेटसॉचं, म्हणजे नक्षी कापायच्या करवतीचं, बारीक पातं दात वर करून चावीच्या शेजारून सरकवायचं, जरा वळवून दातात अडकवायचं आणि बाहेर ओढायचं. दुसऱ्या दिवशी लक्ष्मी रोडकडचे एक चावीवाले दादा आले, त्यांनी अगदी असंच पातं वापरून तुकडा बाहेर काढला. बघत राहावं असं काम होतं, मोबाइलचा उजेड मी धरलेला आणि त्यांचे डोळे मिटलेले, सगळं बोटांवर. पण कुलूप उघडायचं म्हटल्यावर त्यांनी स्वतःच मान हलवली. ‘साहेब, आत स्प्रिंग बसलीय. चावी बनवून दिली तरी फिरणार नाही. माझे दोनशे होतील आणि त्यात अजून थोडे घातले की नवीन येतं. कापा.’ तुकडा काढल्याचे पन्नास घेतले. सरळ माणूस.

कापायचं म्हणजे सायकल न्यायची कुठे, ती रेलिंगला बांधलेली. हॅकसॉने हाउसकीपिंगच्या पोराने सुरुवात केली, पण पीळ घातलेल्या तारा पात्याखाली सरकतात, दात अडकतात, हात भरून येतो. साधा बोल्ट कटर केबल चेपून ठेवतो. पूर्ण तुटायला केबलसाठीचा गोल जबड्याचा कटर लागतो, तो कुणाकडे नसतो. शेवटी मागच्या गल्लीतला फॅब्रिकेशनवाला चार इंची ग्राइंडर घेऊन आला. वीज पंपाच्या खोलीतून.

वॉचमन मामांनी मात्र एक्स्टेंशन द्यायच्या आधी मला थांबवलं. ‘सायकल तुमचीच कशावरून?’ रोज सलाम करणारा माणूस, पण प्रश्न रास्त. मोबाइलमध्ये बिल होतं, त्यावर फ्रेम नंबर. तो नंबर पेडलच्या आसाखाली, फ्रेमच्या पोटाला ठोकलेला असतो. मामा खाली वाकले, बोटाने चिखल पुसला, एकेक आकडा मोठ्याने वाचून मला बिलावर बघायला लावला आणि मगच बोर्ड दिला. तुमच्या सायकलचा तो नंबर आजच फोटो काढून ठेवा. चोरीची तक्रार द्यायची वेळ आली तरी पोलीस पहिल्यांदा तोच विचारतात.

फॅब्रिकेशनवाल्याने टायर आणि फ्रेमवर ओलं पोतं टाकलं, गॉगल चढवला, केबल ताणून धरायला सांगितली. ठिणग्या, जळक्या प्लास्टिकचा वास, आणि झालं. मामांनी तोंडातली तंबाखू या गालातून त्या गालात घेण्याइतका वेळ. शंभर रुपये. चोराकडे बॅटरीचा ग्राइंडर असेल तर त्यालाही एवढाच वेळ लागेल, हे उघड आहे. असली लॉकं सहज हात मारणाऱ्याला थांबवतात, तयारीने आलेल्याला नाही.

कापलेल्या टोकात आणखी एक उलगडा झाला. ‘बारा एमएम’ हे प्लास्टिकसकट. आतली तार आठच.

लॉकचं डोकं घरी आणून वर्तमानपत्रावर खोललं. बाहेरचं अंग जस्ताच्या मिश्रधातूचं, त्यात एक फिरणारा दंडगोल, आणि दंडगोलाच्या खाचांत नखाएवढ्या पितळी पत्र्या. प्रत्येक पत्रीला केसाएवढी स्प्रिंग. चावी नसताना स्प्रिंग पत्रीला बाहेर ढकलते, पत्री बाहेरच्या खाचेत अडकते आणि दंडगोल फिरत नाही. चावीचे दात सगळ्या पत्र्यांना बरोबर आत घेतात तेव्हा तो फिरतो. आता यातली एक स्प्रिंग गंजून दोन तुकडे झालेली, आणि तिची पत्री तेल-मातीच्या काळ्या लगद्यात बाहेरच रुतून बसलेली. बाकी पत्र्या पितळी, स्वच्छ पुसल्यावर चकाकल्या. म्हणजे चारशे रुपयांचं लॉक गेलं ते काही पैशांच्या लोखंडी स्प्रिंगेपायी. तिथे स्टेनलेसची तार वापरली असती तर हा लेख लिहायची वेळ आली नसती.

वॉरंटी सहा महिन्यांची होती, संपलेली. तरी विचारून बघितलं. ‘गंज वॉरंटीत बसत नाही’ असं छापील उत्तर आलं. पावसात वापरायच्या वस्तूला गंज चालत नाही म्हणजे छत्रीला पाणी चालत नाही.

आता नवीन घेतलंय ते यू-लॉक, म्हणजे केबलऐवजी यू आकाराचा न वाकणारा दांडा असलेलं, चौदाशेच्या आसपास. ते घेताना दुकानात काय बघितलं ते सांगतो. भोकावर सरकणारं झाकण आहे का. चावी सपाट दात्यांची आहे की तिरक्या खाचांची. तिरक्या खाचांच्या चावीत बहुधा फिरत्या चकत्यांची रचना असते, तिला स्प्रिंगा नसतात, त्यामुळे गंजून मोडायला आत नाजूक काही उरत नाही. नळीसारख्या गोल चावीचं लॉक घेऊ नका. २००४ मध्ये अमेरिकेत गोल चावीची महागडी यू-लॉकं बॉलपेनच्या प्लास्टिक नळीने उघडतात हे जगजाहीर झालं आणि क्रिप्टोनाइट कंपनीला ती बदलून द्यावी लागली. चावीसोबत नंबराचा बिल्ला मिळतो का, तेही बघा. काही कंपन्या त्या नंबरावरून चावी बनवून देतात. आणि खोक्यावर ‘सिक्युरिटी लेव्हल ९’ वगैरे छापलेलं असलं तर त्याला भुलू नका, ती कंपनीची स्वतःचीच पट्टी. इंग्लंडची सोल्ड सिक्युअर किंवा नेदरलँड्सची एआरटी या बाहेरच्या चाचण्या. त्यांचा शिक्का असेल तर त्याला अर्थ आहे, पण इथल्या दुकानात तसं लॉक क्वचितच दिसतं.

नंबराचं लॉक घ्यावं का, असं बरेच जण विचारतात. भोक नाही हा मोठा फायदा. पण चिखलाने चकत्या जड होतात, आकडे पुसट होतात आणि स्वस्तातलं असेल तर केबल ओढून धरून चकत्या चाचपत उघडणारेही असतात. सोसायटीच्या आत ठीक.

लॉक कुठलंही असो, बांधताना भोक खाली राहील असं बांधा. जुनं लॉक मी काढायला सोपं म्हणून भोक वर ठेवून लावायचो, असं लावणारे पार्किंगमध्ये निम्मे तरी दिसतात. यू-लॉक आता उलटं टांगतो, पाणी थांबत नाही. दर पंधरवड्याला कोरडा स्प्रे. दुसरी चावी घरी न ठेवता ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये.

जुन्याला पाचपैकी दीड तारा, तो अर्धा लांबीसाठी. नव्याला सध्या साडेतीन. दीड तारा कापला तो दोन गोष्टींसाठी. एक तर ब्रॅकेट खडखडतो. जुन्या ट्यूबची पट्टी कापून मध्ये घातली तेव्हा आवाज बसला. दुसरं म्हणजे लांबी. ऑफिसच्या रेलिंगला बसतं, पण मेट्रो स्टेशनजवळच्या जाड खांबाला यू पुरतच नाही, तिथे फक्त चाक आणि फ्रेम एकत्र अडकवून सायकल नुसती उभी करावी लागते. म्हणून पिशवीत एक पातळ केबलही टाकलीय, दोन्ही टोकांना नुसते फास असलेली. तिला स्वतःचं कुलूप नाही, फास यू-लॉकमध्येच ओवायचे.