शिह त्झूचं ग्रूमिंग, पुण्यात : बरेच महिने एकाच ठिकाणी जाऊन आल्यावर

आमच्या बोक्याला (शिह त्झू जातीचा कुत्राच आहे, नाव मुलीने ठेवलंय, फोनवर अपॉइंटमेंट घेतली तेव्हा त्यांनी चक्क मांजर म्हणून एंट्री केली होती) गेल्या पावसाळ्यापासून सिंहगड रोडवरच्या एका छोट्या सलूनमध्ये नेतोय, साधारण पाच-सहा आठवड्यांनी. दुकानाचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये, दोनच टेबलं आहेत आणि तिथले ग्रूमर दादा आत्ताच फोन उचलत नाहीत. शिवाय आत काय काय होतं हे माहीत असलं की कुठल्याही दुकानात गेलात तरी फसत नाही.

आधी पैसे, कारण सगळे तेच विचारतात. आंघोळ, ब्लोअर, नखं, कान असं ९०० च्या आसपास, केस कापणं धरून १८००. सासूबाई म्हणतात तुझ्या नवऱ्याचे दीडशेत होतात. होतात ना, पण नवऱ्याला अडीच तास लागत नाहीत आणि तो न्हाव्याला चावायलाही जात नाही. मात्र जटा काढायचे वेगळे, गोचीड असतील तर वेगळे, कुत्रा चावरा असेल तर वेगळे, हे सगळं फोनवरच विचारून घ्या. आम्ही आधी जिथे जायचो तिथे काचेचं दार, एसी, फोटो काढायला कोपरा, सगळं एकदम झकास आणि बिलावर दर वेळी एक नवीन ओळ.

तिथून आम्ही हललो ते पैशामुळे नाही पण. एकदा लवकर न्यायला गेले तर बोक्या पिंजऱ्यात, समोर ड्रायर चालू आणि खोलीत एक माणूस नाही. शिह त्झू, पग, बुलडॉग ही चपट्या नाकाची मंडळी, यांना धापा टाकून अंग थंड करणं बाकीच्या कुत्र्यांएवढं जमत नाही, त्यामुळे गरम हवेत बंद करून ठेवणं यांच्या जिवावर बेतू शकतं. म्हणून माझा पहिला प्रश्न हाच असतो, वाळवता कसे, हातात ब्लोअर धरून की पिंजऱ्यात ठेवून, आणि जवळ कोण असतं. उत्तर गुळमुळीत आलं की सरळ निघायचं.

आता या दादांकडे काय होतं ते. दारातच लसीचं कार्ड मागतात, रेबीजचं पान उघडून तारीख बघतात, फोनमध्ये फोटो असला तरी चालतो. मग प्रश्न, फिट येते का, हार्टचं काही आहे का, कुठे हात लावला की चिडतो, गोचिडाचं औषध शेवटचं कधी घातलं. हा शेवटचा प्रश्न महत्त्वाचा आहे, मानेवर टाकायचं थेंबाचं औषध असेल तर आधी आणि नंतर साधारण दोन-दोन दिवस आंघोळ नको असं असतं (पाकिटावर लिहिलेलं असतं, वाचा), नाहीतर पाच-सातशेचं औषध शाम्पूबरोबर गटारात.

त्यानंतर ते काहीच न बोलता कुत्र्याच्या अंगावरून हात फिरवतात आणि मग स्टीलचा कंगवा घेतात, ब्रश नाही. कंगवा मुळापासून टोकापर्यंत सरळ गेला पाहिजे. कानामागे, काखेत, शेपटीच्या बुडाशी आणि हार्नेसचा पट्टा जिथे घासतो तिथे बरोबर अडकतो. ब्रश वरच्या वर फिरतो, कुत्रा दिसायला रेशमी, आणि आत जटा.

यावरून माझ्यासमोर जोरदार भांडण झालेलं आहे. एक काकू ल्हासा (हाही लांब केसांचा छोटा कुत्रा) घेऊन आल्या होत्या, त्यांना टेडी बेअर कट हवा होता, केस लांबच ठेवा म्हणाल्या. दादांनी पोटाकडचे केस बाजूला करून दाखवले तर कातडीपर्यंत कंगव्याचा एक दात जाईना. ते म्हणाले काकू हे सोडवत बसलो तर त्याला दोन तास नुसतं ओढल्यासारखं होईल, खालून ब्लेड घालावं लागेल, केस बारीक होणार. काकू म्हणे आधी आंघोळ घाला, मऊ होतील. तर पाणी लागलं की जटा अजून घट्ट बसतात, म्हणून कापणं आधी आणि आंघोळ नंतर. शेवटी तयार झाल्या. दहा नंबरचं, म्हणजे अगदी बारीक कापणारं ब्लेड खालून घातलं आणि पोटावरची अख्खी घोंगडीच एका तुकड्यात निघाली, खाली कातडी लालेलाल आणि ओलसर, त्याला हवाच लागत नव्हती. काकू तरी घुश्शातच गेल्या, फोटोत कुत्रा उंदरासारखा दिसतो म्हणून. पण यात ग्रूमरला लांबी ठरवायचा चॉइसच नसतो, जट जिथपर्यंत, ब्लेड तिथपर्यंत. एवढं खरं की त्याने कापायच्या आधी दाखवलं पाहिजे, विचारलं पाहिजे. न विचारता सफाचट करून हातात देणारेही आहेत.

क्लिपर (केस कापायचं मशीन) चालू असताना दादा दर थोड्या वेळाने ब्लेड स्वतःच्या मनगटाच्या आतल्या बाजूला टेकवून बघतात. ब्लेड चालून चालून तापतं, आणि पोटाची, मांडीतली कातडी त्याने भाजते. ही एवढीशी सवय बघूनच मी इथे टिकले खरं तर.

आंघोळ कोमट पाण्याने, कुत्र्याच्याच शाम्पूने. माणसाचा शाम्पू का नको तर आपली कातडी ॲसिडिक बाजूला, कुत्र्याची त्या मानाने न्यूट्रलजवळ, त्यामुळे आपल्या शाम्पूने कोरडी पडते, कोंडा होतो, खाज सुटते. तोंडावर शॉवर मारत नाहीत, ओल्या कपड्याने पुसतात, शिह त्झूचे डोळे बाहेर आलेले असतात आणि त्यांना पटकन इजा होते. ब्लोअरचा आवाज मात्र भयंकर असतो. बोक्या अजूनही पहिली दोन मिनिटं थरथरतो, मग कानावरून कापडी पट्टी चढवली की जरा निवळतो.

नखं. बोक्याची काळी आहेत, आतली शीर दिसत नाही. दादा एकदम कापत नाहीत, पापुद्रे काढल्यासारखं थोडं थोडं, आणि कापलेल्या जागी मध्यभागी गडद ठिपका दिसला की थांबतात, तिथून पुढे शीर. चुकून रक्त आलंच तर पावडर दाबून धरतात, थांबतं, लगेच घाबरून जाऊ नका. आणि ते वरचं अंगठ्याचं नख जमिनीला टेकत नाही म्हणून झिजत नाही, केसात लपलेलं असतं आणि वळून मांसात घुसतं, ते मुद्दाम आठवण करून कापून घ्या. शेपटीखालच्या ग्रंथी दाबून रिकाम्या करणं बऱ्याच पॅकेजमध्ये असतं, आमचे डॉक्टर म्हणाले कुत्रा ढुंगण घासत नसेल तर उगाच दाबू नका, तर मी ते नको सांगते. कानातले केस उपटायचंही तसंच, डॉक्टरला विचारून.

मला विचाराल तर १८०० मधले निम्मे तरी या तपासणीचे आहेत. ऑगस्टमध्ये दादांना पुढच्या पायाच्या बोटांमध्ये दोन गोचीड सापडले, आम्ही रोज पाय पुसत होतो तरी, एवढे बारीक होते. ते काढले आणि म्हणाले जेवण कमी झालं, सुस्त वाटला, ताप आला तर थांबू नका, रक्त तपासा, गोचीडतापात प्लेटलेट्स झपाझप उतरतात. नशिबाने काही झालं नाही. थंडीत एकदा मांडीवर रुपयाएवढा केस गेलेला गोल चट्टा दिसला तर त्यांनी औषधी शाम्पूचे पैसे न लावता आंघोळच घातली नाही, आधी डॉक्टरला दाखवा म्हणून परत पाठवलं. फंगस निघालं. जागेवरच औषध सुचवणाऱ्या ग्रूमरपेक्षा मला हा बरा वाटतो.

तक्रारी आहेतच. अकराची वेळ म्हणजे पावणेबारा. दादा स्वतः नसले आणि हाताखालच्या मुलाने चेहरा कापला की एक मिशी वर एक खाली. शेवटी तो परफ्यूम मारतात तो डोकं उठवणारा, आता मी आधीच सांगते मारू नका. आणि दिवाळीच्या आधी स्लॉट मिळतच नाही, दसऱ्यालाच सांगून ठेवा. फटाक्यांच्या दिवसात तर नेऊच नका, आधीच बिथरलेलं असतं जनावर आणि त्यात ब्लोअर.

सोसायटीत येणारी व्हॅन पण करून बघितली. गाडीत बसायला घाबरणाऱ्या किंवा म्हाताऱ्या कुत्र्यांना बरी आहे, पैसे जास्त. बोक्याला ती घराखाली उभी असलेलीच आवडली नाही, अजून त्या जागेवर भुंकतो.

नेताना पोट गच्च भरून नेऊ नका आणि आधी फिरवून शी-शू उरकून घ्या. तिथे थांबायचं की नाही हे कुत्र्यावर, आमचा मी दिसले की नाटकं करतो त्यामुळे मी समोर चहा प्यायला जाते. घरी आल्यावर तो संध्याकाळपर्यंत झोपतो आणि माझ्याशी अबोला धरतो, हे नॉर्मल आहे. पोटाखाली बारीक केलेल्या जागी सारखा चाटत असेल तर मात्र बघा, लाल झालं असेल तर गळ्यात कोन (चाटता येऊ नये म्हणून घालतात ती मोठी कॉलर) घाला, दुसऱ्या दिवशीही तसंच असेल तर डॉक्टर.

स्पिट्झ, पॉमेरेनियन, हस्की, गोल्डन असेल तर उन्हाळ्यात झिरो कट करून आणू नका हो. त्यांचा कोट दोन थरांचा असतो, उन्हापासूनही तोच वाचवतो. आमच्या खालच्या मजल्यावरच्या स्पिट्झला दादांनी नाही म्हणून सांगितलं तर त्यांनी दुसरीकडे करून आणलं, एप्रिलमध्ये. दिवाळीपर्यंत पाठीवर केस ठिगळं ठिगळं आलेले. यांना आतली लव ब्रशने काढून द्या म्हणायचं, बास.

आणि घरात पिल्लू असेल तर लसी पूर्ण झाल्या की केस वाढायची वाट न बघता एकदा नेऊन आणा, फक्त टेबलवर उभं राहणं, ब्लोअरचा आवाज लांबून, एखादं नख, खाऊ. शेजारच्यांना मीच पाठवलं होतं. ४०० घेतले आणि केस एकही कापला नाही, अजून मला लिफ्टमध्ये ऐकवतात.