संमतीचं प्लगइन की ट्रॅकिंगलाच रजा?

ऑनलाइन दुकान थाटलेल्या मैत्रिणीला पेच पडलाय: कुकी-संमतीचं (ब्राउझरमध्ये माहिती साठवणाऱ्या छोट्या फायलींसाठी गिऱ्हाइकाची परवानगी विचारणारं) तयार प्लगइन घ्यावं, की गिऱ्हाइकाच्या हालचाली टिपणारं ट्रॅकिंगच काढून टाकावं?

खर्चाचं सोपं आहे. प्लगइनचं भाडं बहुधा दरमहा, भेटी वाढल्या की वरचा प्लॅन. ट्रॅकिंग काढणं फुकट, पण कुठल्या जाहिरातीतून विक्री झाली हे कळणं अवघड.

खरी मेख मेहनतीत. प्लगइन बसवून भागत नाही. संमतीच्या बॅनरवर ‘नकार’ दाबा, ब्राउझरच्या डेव्हलपर टूल्समधला नेटवर्क टॅब (पान कुठे काय पाठवतं ते दाखवणारा) उघडा आणि पान पुन्हा लोड करा. बॅनर दिमाखात उभा आणि जाहिरातीचा पिक्सेल (भेटीची नोंद जाहिरात कंपनीला धाडणारा छोटा कोड) मागून खुशाल चालू, असं सर्रास दिसतं. युरोपातलं गिऱ्हाईक असेल तर हे नियमात बसत नाही. कार्ट-लॉगिनच्या आवश्यक कुकींना मात्र तिथेही संमती लागत नाही.

जाहिरातींवर धंदा असेल तर प्लगइन घ्या, नीट तपासून. जुन्या गिऱ्हाइकांवर चालत असेल तर ट्रॅकिंग काढा.