मेथी-मुगडाळ की पालक-चवळी? ऑफिसवरून येऊन करायची असेल तर

आठवड्यातले तीन दिवस रात्रीचा स्वयंपाक माझ्याकडे असतो आणि घरी पोचेपर्यंत साडेसात होतातच. पालेभाजी आणि डाळ किंवा कडधान्य एकाच भाजीत गेलं की पोळी-भाताशिवाय दुसरं काही करावं लागत नाही, म्हणून गेली तीनेक वर्षं मी याच दोन भाज्या आलटून पालटून करतोय. मुगडाळ घालून परतलेली मेथी, नाहीतर पालक घातलेली रसरशीत चवळी. (चवळी म्हणजे इथे कडधान्यातली, चवळईची पालेभाजी नव्हे, भाजीवाले बरेचदा दोन्हीला चवळीच म्हणतात.)

पोषणावरून ठरवायला जाऊ नका, तिथे फार काही हाती लागत नाही. कच्च्या मुगडाळीत काय किंवा चवळीत काय, शंभर ग्रॅमला साधारण २० ते २४ ग्रॅम प्रोटीन असतं आणि पालेभाजी दोन्हीकडे भरपूर पडते.

आधी पालक-चवळीच्या बाजूने बोलतो कारण ती खरंच छान लागते. कांदा परतायचा, गोडा मसाला, शिजलेली चवळी, बारीक चिरलेला पालक, दोन उकळ्या आल्या की चिंचेचा कोळ आणि गुळाचा खडा, झालं. पालक निवडायला पाच मिनिटं पुष्कळ होतात, कोवळा असेल तर देठासकट चिरला तरी चालतो. भाताशी जमते, भाकरीशी जमते, आणि रात्रभर मुरली की दुसऱ्या दिवशी डब्यात आणखी चांगली लागते. आमचा धाकटा मेथी बघून तोंड फिरवतो पण ही भाजी मागून घेतो. घरात लहान मुलं असतील तर हा मुद्दा मोठा आहे, तो मी नाकारणार नाही.

मेथीवर सगळ्यांचा राग असतो तो निवडण्यावरून. पाऊण जुडी निवडायला मला वीस मिनिटं लागतात, पावसाळ्यात जास्तच, कारण चिखल आणि पिवळी पानं खूप निघतात. पण गंमत अशी की मुगडाळ भिजायलाही तेवढाच वेळ लागतो. आल्या आल्या अर्धी वाटी डाळ धुवून पाण्यात टाकायची आणि मेथी घेऊन बसायचं, उठेपर्यंत डाळ तयार. पानं खुडताना कोवळ्या काड्या राहू द्यायच्या, जाड देठ तेवढे काढायचे. धुताना मात्र घाई नको, मोठ्या पातेल्यात भरपूर पाणी घ्यायचं आणि पानं हाताने वर उचलून घ्यायची, पातेलं चाळणीत ओतायचं नाही, ओतलं की खाली बसलेली सगळी माती परत पानांवर. तीन पाण्यातून काढली की दाताखाली कचकच येत नाही.

आता ज्या गोष्टीमुळे माझं ठरलं ती सांगतो. आम्ही पुण्याच्या बाहेरच्या भागात राहतो, सोसायटीत बोअरचं पाणी, उन्हाळ्यात टँकर. नळाच्या तोंडाला पांढरा थर धरतो, किटलीच्या तळाशी पण तेच. या पाण्यात कडधान्य कधी शिजेल त्याचा काही नेम नसतो. पाण्यातलं कॅल्शियम, मॅग्नेशियम दाण्याच्या सालाला घट्ट धरून ठेवतं, त्यामुळे कितीही शिट्ट्या करा, बाहेरून फुगलेला दाणा आतून टणकच. मागच्या मार्चमध्ये एका बुधवारी आठला कुकर लावला, सहा शिट्ट्या, मग प्रेशर उतरायची वाट, उघडला तर दाणा बोटांत दाबला जाईना. परत झाकण, परत चार शिट्ट्या, परत वाट. तोपर्यंत पोळ्या गार, पालक चिरून काळा पडायला लागलेला, धाकटा दूधभात खाऊन झोपला आणि आम्ही दोघं दहाला जेवायला बसलो. तेव्हाही काही दाणे तसेच होते.

पहिल्यांदा वाटलं चवळीच जुनी असेल, आणि जुना माल शिजायला वेळ घेतो हेही खरंच आहे. पण त्याच पुड्यातली उरलेली चवळी मी मुलुंडला ताईकडे घेऊन गेलो, तिच्याकडे तलावाचं पाणी येतं, तासभर भिजवली आणि तीन शिट्ट्यांत लोण्यासारखी मऊ. तेव्हा प्रश्न पाण्याचा आहे हे माझ्यापुरतं तरी पक्कं झालं.

उपाय आहेत, सगळे करून पाहिलेत. फिल्टरच्या पाण्यात भिजवून त्याच पाण्यात शिजवली तर बराच फरक पडतो, पण त्यासाठी सकाळी निघताना आठवण पाहिजे आणि आमच्याकडे सकाळी साडेसातला एक रिक्षा, एक स्कूलबस आणि दोन डबे असतात. चिमूटभर सोडा घातला तर शिजते लवकर, पण सालं सुटतात आणि मला तरी सोड्याची चव लागते. रविवारी एकदम शिजवून फ्रीझरमध्ये ठेवणं हा सगळ्यात चांगला मार्ग आहे, ज्यांना जमतं त्यांनी जरूर करावं, आमचा रविवार दर वेळी तसा रिकामा मिळत नाही. आणि एक चूक टाळा, टोमॅटो किंवा चिंच चवळीबरोबर कुकरमध्ये घालू नका, आंबटात दाणा अजून कडक राहतो, ते सगळं शिजल्यावर.

मुगडाळीला यातलं काही लागत नाही. साल काढलेली, दोन फाकी केलेली डाळ, बोअरच्या पाण्यातसुद्धा कढईत दहा-बारा मिनिटांत होते. कुकर नाही, शिट्टी नाही, झाकण उघडून केव्हाही बघता येतं आणि थकून आलेल्या माणसाला याचं सुख फार असतं. तेलात जिरं, हिंग, सात-आठ लसूण पाकळ्या ठेचून, दोन हिरव्या मिरच्या, हळद, मग निथळलेली डाळ दोन मिनिटं परतायची, पाण्याचा हबका मारायचा आणि वर ताटात पाणी घालून झाकायचं. ताटातलं पाणी गरम झालं की त्यातलंच थोडं थोडं आत सोडायचं. डाळ बोटचेपी झाली की चिरलेली मेथी घालून झाकण काढून टाकायचं, म्हणजे रंग हिरवा राहतो. मीठ सगळ्यात शेवटी, कारण कढई भरून वाटणारी मेथी पाच मिनिटांत मूठभर होते आणि आधी घातलेलं मीठ मग जास्त होतं. लसूण मात्र लालसर होऊ द्या, कडूपणा त्याच्यामुळेच सुसह्य होतो असं माझं मत आहे.

कडू चव घरात कुणालाच चालत नसेल, किंवा पाहुणे असतील आणि एका भाजीत सहा माणसं जेवायची असतील तर पालक-चवळीच बरी, मेथी आटते आणि पुरत नाही. तुमच्याकडे गोड्या पाण्याचा नळ असेल तर माझी निम्मी तक्रार तुम्हाला लागूच होत नाही, तेव्हा तुमचं गणित कदाचित वेगळं येईल. आमच्याकडे हल्ली तीन दिवसांपैकी दोन वेळा मेथी होते, आणि चवळी त्या दिवशी ज्या दिवशी बायको सकाळी आठवणीने भिजवून जाते.

आत्ता साडेसात वाजलेत आणि काहीच भिजवलेलं नाही अशी वेळ असेल तर मी मेथीच घेईन. जुडी घेताना दोरी सोडून आतली पानं बघा, बाहेरून ताजी दिसते आणि मध्ये दमट, काळी निघते. भाकरी करणार असाल तर पीठ मेथी फोडणीत पडल्यावर मळायला घ्या, पहिली भाकरी फुगेपर्यंत भाजी उतरवायला आलेली असते.