आरसा नसलेला वर्ग: चार सकाळींच्या कार्यशाळेबद्दल

बावीस वर्षं मुलांना नृत्य शिकवतेय. समोर आरसा आणि तोंडात मोजणी, यात माझा दिवस जातो. निसर्ग आणि नृत्य अशी चार सकाळींची कार्यशाळा दिसली आणि माहितीपत्रकातल्या एका ओळीवर मी अडले: 'संगीत नाही, आरसा नाही, स्टेप्स नाहीत.' हे सगळं काढून घेतल्यावर माझ्याकडे काय उरतं ते मला बघायचं होतं. लगेच नाव नोंदवलं.

आम्ही बारा जण होतो. झाडांमधली उंचसखल मोकळी जागा, एका अंगाला ओढा. पहिल्या दिवशी बराच वेळ नुसतं अनवाणी चालायचं होतं. मार्गदर्शिकाबाईंनी आधीच येऊन काचा-काटे वेचून ठेवले होते आणि मधुमेहामुळे ज्यांच्या तळपायाची संवेदना कमी झाली आहे त्यांना बूट काढू दिले नाहीत. इथेच माझा त्यांच्यावर विश्वास बसला.

खरी सकाळ दुसरी. जोड्या पाडल्या. एकाने डोळे मिटून शरीर नेईल तसं हलायचं, दुसऱ्याने शांत बसून पाहायचं. मेरी स्टार्क्स व्हाइटहाउस या अमेरिकन नृत्यांगनेने १९५०च्या दशकात ही पद्धत सुरू केली. पाहणाऱ्याला 'साक्षी' म्हणतात. माझे साक्षी होते एक निवृत्त काका, आयुष्यात कधी न नाचलेले.

डोळे मिटले आणि शरीराने आधी पाठ असलेलंच केलं. हात सुबक कमानीत गेले, मनात एक-दोन-तीन-चार सुरू झालं. मग डावी टाच एका मुळावर चढली, बोटं मात्र गार ओल्या मातीत. नजर मिटली की तोल राखायचं काम अंतर्कर्णावर, तळव्यांवर आणि स्नायू-सांध्यांवर येतं, हे मी शिकवतानाही सांगते. पण सपाट लाकडी फरशीवर ते इतकं कधी जाणवलं नव्हतं. घोटा सारखा थरथरत सावरत होता. विद्यार्थिनी अशी डुलली असती तर मी टोकलं असतं. इथे टोकणारं कुणी नव्हतं, म्हणून ते डुलणं कमरेपर्यंत येऊ दिलं. तेवढ्यात पापण्यांच्या आत लाल उजेड पडला, मग अंधार, पुन्हा लाल. वरची फांदी हलत होती. मी लालाच्या बाजूला झुकत गेले, अंधार आला की परत. मोजणी कधी थांबली ते कळलं नाही.

नंतर काका बोलले. नियम असा, की 'छान' म्हणायचं नाही, अर्थही लावायचा नाही. काय दिसलं आणि स्वतःला काय झालं एवढंच सांगायचं. ते म्हणाले, "तुमचा उजवा हात दोनदा वर जायला निघाला आणि कोपराशी थांबला. तेव्हा माझा श्वास अडकला." इतक्या वर्षांत माझ्या नाचाबद्दल इतकं नेमकं मला कुणी सांगितलं नव्हतं. मी मात्र वर्गात दिवसभर 'छान, छान' म्हणत असते.

तिसऱ्या दिवशी आधी कोळशाने चित्र काढायचं आणि मग ते चित्र नाचायचं. ॲना हालप्रिन या अमेरिकन नृत्यांगनेच्या कामात असं चित्रातून नाचाकडे जाणं होतं. १९५४ साली कॅलिफोर्नियात त्यांच्या घराजवळच्या झाडीत भिंतींशिवाय एक लाकडी नृत्यमंच उभा राहिला, त्याची गोष्ट बाईंनी फार जीव ओतून सांगितली. चित्र माझं जमलं नाही, पण ते काढताना हाताला आलेला झोका नाचात कामी आला.

आता तक्रारी. चौथ्या दिवशी बाईंनी स्पीकरवर बासरी आणि पक्ष्यांचे आवाज लावले. ओढा दहा पावलांवर वाहत असताना! पत्रकात कबूल केलेलं मोडलं, याचं मला खरंच वाईट वाटलं. मनोगतांचं वर्तुळ फार लांबलं आणि एकट्याने वहीत लिहायला जेमतेम दहा मिनिटं उरली. हे उलट हवं होतं. सूचनांचंही तसंच. 'झाड व्हा' म्हटलं की सगळे हात वर करून उभे. 'या बारीक खोडाला पाठ टेका आणि ते हलेल तेव्हाच हला' म्हटलं, तेव्हा प्रत्येक जण वेगळा हलला. अशा सूचना वाढवा.

गुडघे दुखत असतील तर बसायची सोय आधी विचारून घ्या, तिथे फक्त दगड आहेत. नाच न शिकलेल्यांना हे लवकर साधतं. शिकलेल्यांनी पहिल्या दिवशी निराश होऊ नये.

परतल्यावर मी वर्गातल्या आरशावर चादर टाकली. एक आठ वर्षांची मुलगी घाबरून म्हणाली, "ताई, मग बरोबर आलं की नाही ते कसं कळणार?" तिला म्हटलं, डोळे मीट आणि सांग, आत्ता तुझं वजन कुठे आहे? बराच वेळ ती गप्प उभी होती. मग म्हणाली, "डाव्या करंगळीवर."