खतासाठी काय: स्वयंपाकघरातला ओला कचरा की अंगणातला पाला?

जळगावच्या वहिनींचा प्रश्न: घरी खत करायचं, पण कशाचं?

ओला कचरा, म्हणजे केळीची सालं, भरताच्या वांग्यांची देठं, चहाचा चोथा, दोन-तीन महिन्यांत कुजतो. पण नुसता टाकला तर पाणी सुटतं, वास मारतो, चिलटं होतात. तेलकट भाजी, मटणाची हाडं तर नकोतच, घुशी येतात.

कडुनिंबाच्या पाल्याला वास नाही, राखण नाही. मात्र वर्षभर थांबा. आणि खानदेशात मे महिन्यात पारा ४५ अंशांकडे जातो, तेव्हा ढीग वाळून कुजणंच थांबतं. पाणी शिंपडावं लागतं.

खर्च दोन्हींत जवळपास शून्य.

फ्लॅटमध्ये, कुंड्यांपुरतं हवं तर ओला कचरा, वर दुप्पट सुका पाला. मोठं अंगण नि सवड कमी, तर पाल्याचा खड्डा.